ऑफिसचं व्हीपीएन निवडण्याआधी

तुमची पतसंस्था असेल, सीएचं कार्यालय असेल किंवा तीन शाखांचं दुकान असेल. हिशेब एका सर्व्हरवर आहेत आणि माणसं घरून, शाखेतून, दौऱ्यावरून तिथं जोडली जातात. आधी दोघं-तिघं होती, आता चाळीस झाली. संध्याकाळी टॅली अडकते. कॉम्प्युटरवाला म्हणतो, नवा सर्व्हर घ्यावा लागेल. पैसे काढण्याआधी थोडं ऐकून घ्या.

पहिली चौकशी ही करा. तुमची माणसं व्हीपीएनमधून येतात, की राउटरमध्ये पोर्ट उघडून थेट रिमोट डेस्कटॉपवर येतात? थेट येत असतील तर ते आजच बंद करा. 3389 हे रिमोट डेस्कटॉपचं नेहमीचं पोर्ट चोर दिवसरात्र चाचपत असतात. एकदा आत शिरले की फायली कुलूपबंद करतात आणि खंडणी मागतात. मार्चअखेरीला वह्याच उघडल्या नाहीत तर सभासदांना काय सांगाल?

व्हीपीएन आहे, पण पीपीटीपी प्रकारचं आहे? तेही काढा. 1990च्या दशकातली ही पद्धत सोपी होती, म्हणून सगळीकडे बसली. तिची पासवर्ड तपासण्याची पद्धत एका दिवसात फोडता येते, हे 2012 मध्ये सिद्ध झालं. अ‍ॅपलनं 2016 मध्ये ती आयफोनमधून काढली. अँड्रॉइड 12 पासून ती नव्यानं जोडताच येत नाही. म्हणजे उद्या तुमच्या वसुली अधिकाऱ्यानं नवा फोन घेतला की त्याचं काम थांबणार.

मग घ्यायचं काय? दहा-वीस-पन्नास माणसांच्या ऑफिसला मी वायरगार्ड सुचवेन. फुकट आहे, लहान आहे, वेगवान आहे. 2020 पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. साध्या जुन्या मशीनवरही नीट चालतं. त्यात पासवर्ड नसतो, प्रत्येक यंत्राची वेगळी किल्ली असते. एकच किल्ली सगळ्यांत वाटू नका. फोन हरवला तर तेवढीच किल्ली रद्द करता आली पाहिजे.

नाव, पासवर्ड आणि वर मोबाइलवरचा कोड हवा असेल, तर ओपनव्हीपीएन घ्या. हॉटेलच्या वायफायवर वायरगार्ड अडतं, तिथंही हे बहुधा चालतं. मात्र ते बराच काळ प्रोसेसरच्या एकाच कोरवर चालत आलं आहे. गर्दी झाली की तो एक कोर थकतो आणि बाकीचे रिकामे बसतात. सर्व्हर बदलण्याआधी हे तपासून घ्यायला सांगा.

तुम्ही गावात इंटरनेट पुरवत असाल आणि शेकडो ग्राहक डायल करून जोडले जात असतील, तर हिशेब वेगळा. लिनक्सवरची जुनी पद्धत प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा प्रोग्राम चालवते. वीज जाऊन आली की सगळे राउटर एकदम डायल करतात आणि सर्व्हर गुदमरतो. तुमच्यासाठी अ‍ॅक्सेल-पीपीपी आहे. ते सगळी जोडणी एकाच प्रोग्राममध्ये सांभाळतं. खात्यांसाठी सोबत फ्रीरेडियस बसवा.

सॉफ्टवेअरइतकीच महत्त्वाची दोन कामं बहुतेक जण विसरतात. ऑफिसच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग बघा. बाहेरच्या माणसाला फाइल जाते ती त्यातूनच. कर्मचाऱ्याचं यूट्यूबही ऑफिसमधून फिरत असेल, तर फक्त ऑफिसचं काम व्हीपीएनमधून जाईल असं बसवून घ्या. अनेकदा टॅली तेवढ्यानंच मोकळी होते. आणि ऑफिसचे पत्ते 192.168.1 नं सुरू होत असतील तर सुरुवातीलाच बदला. बऱ्याच घरच्या राउटरचे पत्तेही तेच असतात. मग जोडणी झालेली दिसते, पण सर्व्हर सापडत नाही, आणि माणूस तासभर फोनवर राहतो.

बसवून झालं की काम संपत नाही. 2021 मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन ही मोठी इंधनवाहिनी काही दिवस बंद पडली. चोर आत आले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. पासवर्ड बाहेर फुटलेला होता आणि त्यावर मोबाइलचा कोड लावलेला नव्हता. कंपनीनं सुमारे 44 लाख डॉलर खंडणी भरली.

तुमच्याकडून नोकरी सोडून गेलेल्यांची खाती अजून चालू असतील. माणूस वाईट असतो असं नाही, पण त्याचा जुना लॅपटॉप आता कुणाच्या हातात आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. नोकरी सोडताना हिशेब चुकता करता, त्याच दिवशी खातंही बंद करा. आज संध्याकाळी कॉम्प्युटरवाल्याकडून सगळ्या खात्यांची यादी मागा आणि ज्या नावापुढे आज तुमचा माणूस नाही, ते नाव तुमच्यासमोर काढायला लावा.