झोपाळा बारा वर्षांपर्यंतच?

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही मैदानावर नजर टाका. क्रिकेटचे तीन-चार डाव एकात एक गुंतलेले, बाकांवर मोबाइल घेऊन बसलेली पोरं, कडेकडेनं फेऱ्या मारणारे आजी-आजोबा. घसरगुंडीपाशी लहान मुली असतात. पण सातवी-आठवीतल्या? त्या रस्त्यावर दिसतात, सायकलवरून क्लासला जाताना. कुठं थांबलेल्या दिसत नाहीत.

'मुलींना खेळायची आवडच नसते हो,' असं आपण बायकाच म्हणतो. मला ते पटत नाही. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात १९९६-९७ मध्ये पाहणी झाली, तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेत फारशा येत नाहीत असं दिसलं. म्हणजे हे दुखणं एकट्या आपल्याकडचं नाही. कारण साधंच निघालं. मोकळी जागा एकच असली की मुलगे ती व्यापतात. मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. मग १९९९ मध्ये तिथल्या दोन बागा नव्यानं आखल्या. आत यायला जास्त वाटा, मोठ्या जागेचे छोटे भाग, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलची सोय. मुली पुन्हा येऊ लागल्या.

आपल्याकडे त्यात आणखी भर. मुलगी बाहेर निघाली की 'काम काय?' हा पहिला प्रश्न. क्लास चालतो, देऊळ चालतं, नुसतं कट्ट्यावर बसणं चालत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांबद्दल 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ मध्ये लिहिलं, ते याच हक्कासाठी: बाईनं काही काम नसताना बाहेर रेंगाळावं. काही जणी नाकं मुरडतील. मुरडू देत. मुलगा तासभर चौकात उभा राहिला तर त्याला कारण कोण विचारतं?

बरं, बागेत जाऊन तरी काय? स्वच्छतागृहाला कुलूप, निम्मे दिवे बंद. झोपाळ्यावर पाटी, 'बारा वर्षांवरील मुलांनी बसू नये'. नागपंचमीला माहेरी आलेल्या लेकीसुद्धा झाडाला दोर बांधून उंच झोके घेत, त्या महाराष्ट्रात ही पाटी!

नगरपालिकांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. नगरसेविकेकडे आपण गटार आणि नळासाठी जातोच, तसं यासाठीही जाऊ या. कुलूप उघडा, दिवे लावा, जाड साखळ्यांचे दोन मोठे झोपाळे बसवा आणि आठवड्यातले तीन दिवस मैदानाचा एक कोपरा मुलींना द्या. तेव्हा आपणही चार जणी तिथं जाऊन बसू. मुलींवर नजर ठेवायला नको हं. आपल्यालाही बसायला जागा हवीच आहे.