वांझोटी सहानुभूती

समीक्षेत 'वांझोटी चर्चा' हा शब्दप्रयोग आपण किती सहज करतो! मीही केला आहे, तो छापूनही आला आहे. काही वर्षांपूर्वी विभागाच्या बैठकीत तो माझ्या तोंडून गेला आणि समोर बसलेल्या एका सहकारी बाईंनी मान खाली घातली. त्यांचे उपचार तेव्हा चौथ्यांदा फसले होते, हे मला नंतर कळले. तो शब्द मी टाकला. पण प्रश्न एका शब्दापुरता नाही.

या शब्दाचे पुल्लिंगी रूप आपल्या बोलण्यात कधी येत नाही, हे पुरेसे बोलके आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार सुमारे सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. ही व्यक्ती स्त्री असते तशी पुरुषही असते. मात्र ओटी भरताना वगळली जाते ती बाई. दोष नवऱ्यात निघाला तरी इंजेक्शने तिला, भूल तिला आणि "काही विशेष?" हा प्रश्नही तिलाच.

वर सल्ला : "टेन्शन घेऊ नकोस, आपोआप राहील." हा सल्ला निव्वळ क्रूर नाही, तो निराधारही आहे. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४ अभ्यासांचे, साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. उपचारापूर्वीच्या मानसिक ताणाचा त्या आवर्तनाच्या यशापयशाशी संबंध त्यात आढळला नाही. म्हणजे शरीराच्या अपयशाचा ठपका आपण तिच्या मनावरही ठेवत होतो, तोही विनाकारण.

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. मानसिक आधाराचे समर्थक म्हणवणारेही 'मन शांत असेल तर यश लवकर' असेच सांगतात. म्हणजे तिच्या दुःखाची दखल घ्यायची ती मूल व्हावे म्हणून! १९९३मधील एका अमेरिकी अभ्यासात वंध्यत्वाने ग्रासलेल्या स्त्रियांची चिंता व नैराश्य कर्करुग्णांच्या तोडीचे आढळले होते. गाठ विरघळणार असेल तरच धीर देऊ, असे कर्करुग्णाला आपण सांगतो काय?

२०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने उपचारकेंद्रांवर व्यावसायिक समुपदेशन बंधनकारक केले, हे स्वागतार्हच. पण ते कलम बोलते परिणाम, यशाची शक्यता, खर्च, धोके यांविषयी. जोडप्याला निर्णय घेता यावा यासाठी. निर्णय झाला, पैसे भरले, आवर्तन फसले, त्यानंतरच्या रात्रीचे काय? आमच्या त्या बाईंनी उपचार थांबवल्यावर त्यांना केंद्राकडून एकही फोन आला नाही. गिऱ्हाईक संपले, समुपदेशन संपले.

"घरात आई, बहीण, जाऊ आहेत की बोलायला, समुपदेशक कशाला?" असे विचारले जाईल. ज्यांच्या प्रश्नांना चुकवण्यासाठी ती समारंभ टाळते, त्यांच्यापाशीच तिने मन मोकळे करावे, ही अपेक्षा किती वाजवी आहे? तिला हवा आहे तो केंद्राच्या पगारावर नसलेला, फसलेल्या आवर्तनानंतरही आणि उपचार सोडल्यावरही उपलब्ध असणारा समुपदेशक. त्याच्यासमोर नवऱ्यानेही बसायला हवे. या आधाराचे फलित मोजायचे असेल तर ती बाई पुन्हा माणसांत वावरू लागली का, यावरून मोजावे. पाळणा हलला का, यावरून नव्हे. तोवर आपली सहानुभूती हीच खरी वांझोटी. हा शब्द शेवटचा वापरतो आहोत, असे ठरवून तो इथे आपल्याच पदरी बांधू.