विंगेतल्या विजेरीची पारख

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण नाट्यगृहात अगदी शब्दशः खरी ठरते. रंगमंचावर हजारो वॅटचा उजेड ओसंडत असतो आणि तेथून चार हातांवर, विंगेत, डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख असतो. त्या काळोखात नेपथ्याचे जड तुकडे हलतात, पायांत वायरी येतात आणि कलावंत धावत वेश बदलतात. प्रेक्षकांना दिसणारा प्रयोग सुरळीत पार पडतो, तो पडद्यामागे वावरणाऱ्या चार-दोन माणसांच्या हातातील लहानशा उजेडामुळे. गावोगाव जिला सर्रास ‘बॅटरी’ किंवा ‘टॉर्च’ म्हणतात, ती विजेरी हे त्यांचे खरे हत्यार होय.

वर्धा जिल्ह्याला हा विषय परका नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात भरले. येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात नाट्य आणि चित्रपट यांचे शिक्षण दिले जाते. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी येथील शाळांत हिवाळा आला की स्नेहसंमेलनांची लगबग सुरू होते. हौशी संघ सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील नागपूरला प्रयोग नेतात, तेव्हा अनोळखी नाट्यगृहातील पायऱ्या, खाचखळगे आणि विजेचे खटके थोड्या तासांत अंगवळणी पाडून घ्यावे लागतात. अशा कार्यक्रमांच्या खर्चाला हातभार लावणारी, आणि पडद्यामागे मदतीला उभी राहणारी, बहुधा व्यापारी घरांतील मंडळीच असतात. पडदा, पोशाख, ध्वनिक्षेपक यांवर खर्च होतो. विजेरी मात्र यादीत नसते. ‘मोबाइल आहे ना’ या एका वाक्यावर तो विषय संपतो.

मोबाइल हे विंगेतील सर्वांत गैरसोयीचे साधन आहे. त्याचा दिवा चौफेर पसरतो, पडद्याच्या फटीतून प्रेक्षकांपर्यंत जातो आणि लावण्यासाठी आधी झगझगीत पडद्यावर बोटे फिरवावी लागतात. ऐन करुण प्रसंगी तो वाजला, तर महिनाभराच्या तालमीवर पाणी फिरते.

अंधारातील हालचालींची शिस्त काय साधू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात प्रभाकर पणशीकर पाच निरनिराळ्या रूपांत दिसत आणि स्थळे झपाट्याने बदलावीत म्हणून फिरता रंगमंच वापरला गेला. टाळ्या नटाला मिळाल्या, आणि त्या योग्यच होत्या. परंतु अशा रंगमंचावर मागच्या बाजूला कोणाचे पाऊल कोठे पडते याचा नेम चुकला, तर नाटक थांबते आणि माणूसही जायबंदी होतो. म्हणून विजेरीची निवड ही केवळ सोयीची बाब नसून सुरक्षिततेची बाब आहे.

निवड करताना प्रथम डोळ्यांचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. उजेडातून अंधारात आल्यावर दृष्टी पूर्णपणे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. वय वाढेल तसा हा काळ वाढतो. या सरावलेल्या दृष्टीवर क्षणभर जरी प्रखर पांढरा झोत पडला, तरी ती कमाई पुसली जाते आणि डोळ्यांपुढे डाग नाचू लागतात. दुकानात सर्वांत प्रखर विजेरी ती सर्वांत चांगली, असे समजण्याची रीत आहे. विंगेत नेमके उलट आहे. तेथे सर्वांत मंद, पण भरवशाचा उजेड देणारी विजेरी श्रेष्ठ ठरते.

उजेडाचे माप ‘ल्युमेन’ या एककात सांगतात. संहितेचा कागद वाचण्यास किंवा जमिनीवरील खुणेची पट्टी शोधण्यास एक ते पाच ल्युमेन पुरतात. प्रयोग संपल्यावर सामान आवरण्यासाठी आणि संकटाच्या वेळी शंभर-दोनशे ल्युमेन हवेत. म्हणजे एकाच विजेरीत दोन-तीन पायऱ्या असाव्यात आणि ती सुरू होताना सर्वांत मंद पायरीवर सुरू व्हावी. पुष्कळ विजेऱ्या आधी प्रखर लागतात, मग मंद होतात. काहींत लुकलुकणारा झोत मध्येच येतो. अंधारात हा लुकलुकाट चुकून सुरू झाला, तर अख्ख्या नाट्यगृहाचे लक्ष विंगेकडे वळते. ही चाचणी दुकानातच, बटण दहा वेळा दाबून करून घ्यावी.

लाल प्रकाशाबद्दल बरेच ऐकिवात असते, आणि त्यात तथ्य आहे. अंधारात पाहणाऱ्या पेशी गडद लाल रंगाला फारसा प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे मंद लाल उजेडाने सरावलेली दृष्टी कमी बिघडते. मात्र एक अडचण ध्यानात ठेवावी. लाल उजेडात पांढऱ्या कागदावरील लाल शाईची अक्षरे दिसेनाशी होतात. हिशोबात महत्त्वाची नोंद लाल शाईने करण्याची सवय असलेल्या मंडळींनी प्रयोगाच्या वहीतील सूचना मात्र काळ्या शाईने किंवा पेन्सिलीने लिहाव्यात. लाल धाग्याची आणि पांढऱ्या धाग्याची गुंडी ओळखायची असेल, तर लाल उजेड निरुपयोगी. तेथे मंद पांढराच हवा. वेगळी लाल विजेरी न मिळाल्यास पांढऱ्या विजेरीच्या काचेवर प्रकाशयोजनेत वापरतात तसल्या रंगीत जिलेटिनचा तुकडा बसवला तरी काम भागते.

यानंतर घडण. बटणाचा खटका मोठा वाजू नये. शांत प्रसंगात तो पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जातो. अंग काळे आणि चकाकी नसलेले असावे, कारण चकचकीत धातूवर रंगमंचावरील उजेड परावर्तित होतो. पूर्ण गोल विजेरी टेबलावरून गडगडते, म्हणून कडा किंवा अडकवण्याची पट्टी असलेली बरी. ती मनगटाच्या दोरीला असावी. गळ्यातील दोरी हलत्या नेपथ्यात अडकू शकते. कपाळावर बांधण्याची विजेरी दोन्ही हात मोकळे ठेवते खरी, पण माणूस ज्याच्याकडे वळतो त्याच्या डोळ्यांत झोत मारते. दुरुस्तीला ती उत्तम, प्रयोगाच्या वेळी गैरसोयीची.

खरेदीतील खरी फसगत मात्र सेलमध्ये होते. लांबट नळीसारखे १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे लिथियम सेल सध्या पुष्कळ विजेऱ्यांत असतात. उत्तम कारखान्यातून आलेल्या अशा सेलची धारणाशक्ती साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. वेष्टनावर ९९०० असा आकडा छापलेला असेल, तर तो खोटा आहे हे वजनमापे जाणणाऱ्याने तत्काळ ओळखावे. पुनर्भारित होणाऱ्या सेलवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह आहे का, हे पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. ‘इतके तास चालते’ या दाव्यातही मेख असते. प्रचलित अमेरिकी मानकात उजेड मूळच्या एक दशांशावर येईपर्यंतचा काळ मोजतात; म्हणजे शेवटच्या तासातील उजेड पहिल्या तासासारखा नसतो.

वर्ध्याचा उन्हाळा हा आणखी एक मुद्दा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेले लिथियम सेल अशा उष्णतेत लवकर म्हातारे होतात. साधे सेल महिनोन्महिने विजेरीतच राहिले, तर पाझरतात आणि आतील पत्र्या गंजवतात. संमेलन आटोपले की सेल काढून वेगळ्या डबीत ठेवावेत, ही एवढी शिस्त विजेरीचे आयुष्य वाढवते.

आता हिशोब. समजा, दीडशे रुपयांची स्वस्त विजेरी दरवर्षी बदलावी लागते आणि नियमित प्रयोग करणाऱ्या संघाला तिच्या सेलवर वर्षाला सहाशे रुपये लागतात. तीन वर्षांचा खर्च २,२५० रुपये झाला. नऊशे रुपयांची टिकाऊ विजेरी, अधिक अकराशे रुपयांचे पुनर्भारित सेल आणि चार्जर, यांचा तीन वर्षांचा खर्च २,००० रुपये. फरक अडीचशेचा, पण भरवसा कितीतरी अधिक. याउलट वर्षातून एकदाच कार्यक्रम करणाऱ्या शाळेने चार्जरमध्ये पैसे गुंतवू नयेत. टिकाऊ विजेरी आणि बाजारात कोठेही मिळणारे साधे सेल हेच तिच्या हिताचे. महाग तेच उत्तम असे नसून वापराला साजेसे तेच किफायतशीर, हे व्यापारातले तत्त्व येथेही लागू पडते.

तरीही विजेरीचे मोल केवळ रुपयांत होत नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात लागलेल्या आगीत ५९ जणांचे प्राण गेले. दिवे गेलेले, धूर कोंडलेला आणि बाहेरची वाट दिसेनाशी, अशा अवस्थेत माणसे अडकली. शाळेच्या स्नेहसंमेलनात विंगेमागे परीच्या, मावळ्याच्या पोशाखात तीस-चाळीस लहान मुले दाटीवाटीने बसलेली असतात आणि वीज केव्हाही जाऊ शकते. त्या क्षणी प्रत्येक बाजूला एका जबाबदार व्यक्तीच्या हाती लागणारी विजेरी असेल, तर ‘कोणी उठू नका, या उजेडामागे या’ असे सांगता येते. नसेल, तर गोंधळ आणि चेंगराचेंगरी. म्हणून प्रत्येक विंगेत एक आणि राखीव एक, अशा तीन विजेऱ्या असाव्यात. कार्यक्रमाच्या सकाळी त्या लावून पाहाव्यात आणि कोणती कोणाकडे आहे हे कागदावर लिहून ठेवावे.

हाताळणीचा एकच नियम पुरे आहे : झोत नेहमी जमिनीकडे, कोणाच्याही चेहऱ्याकडे नाही. अंधार होताच रंगमंचावरून परतणाऱ्या कलावंताला विंगेतून पायापुरता उजेड दाखवावा. तो त्या उजेडाच्या ठिपक्यावर पाऊल ठेवून सुखरूप आत येतो.

येत्या हिवाळ्यात स्नेहसंमेलनाच्या खर्चाची यादी होईल, तेव्हा हारतुऱ्यांच्या रकमेतून थोडी रक्कम या तीन विजेऱ्यांसाठी बाजूला काढता येईल. त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवणार नाही. पण पडदा पडल्यावर प्रत्येक मूल आपल्या पायांनी धावत आई-वडिलांकडे येईल, आणि खर्च सार्थकी लागल्याची ती पावती असेल.