पॉटच्या पाठीवरचा जन्मदाखला

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात वसईहून एक तरुण बास घेऊन दुकानात आला. "अंकल, डॅडींचा बास आहे. विकायचा की ठेवायचा ते ठरवतोय. किती येतील?" मी केस उघडली आणि गप्पच झालो. फेंडरचा जॅझ बास, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. पाठीमागे नऊ व्होल्टच्या बॅटरीसाठी कोरलेला खड्डा. त्याची एक कड जरा तिरकी होती, कारण कोरताना राउटर हातातून निसटला होता. हात माझाच होता.

साल १९९१. या मुलाचे वडील जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचे. त्यांना मार्कस मिलरसारखा टणत्कार हवा होता. मी प्रीअँप बसवला, नवा जाडजूड ब्रिज लावला, मूळचे तीन पॉट तोडून काढले आणि टेबलाखालच्या कचऱ्यात टाकले. ते खूश होऊन गेले, मीही खूश होतो.

आज त्याच बासची किंमत सांगायची तर आधी तो कोणत्या वर्षीचा ते सांगायला हवं, आणि तिथेच गाडी अडली. नेकच्या टाचेवरचा शिक्का घासून गेलेला. नेकप्लेटवरचा अनुक्रमांक त्या काळात पक्कं वर्ष सांगत नाही, दोन-तीन वर्षांच्या मध्ये कुठेतरी नेऊन सोडतो. खरा पुरावा पॉटच्या पाठीवर असतो: सात आकडे, त्यातले पहिले तीन कारखान्याचे, पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. १३७७३१२ असं दिसलं, की तो पॉट सीटीएसने १९७३ च्या बाराव्या आठवड्यात बनवला. म्हणजे बास त्याच्या आधीचा असूच शकत नाही. त्या बासचा जन्मदाखला मी स्वतःच्या हाताने केराच्या टोपलीत टाकला होता.

आपल्या मासिकाचे बहुतेक वाचक एकतर बास वाजवतात नाहीतर उघडतात. त्यांच्यापुढे इतक्या वर्षांच्या सोल्डरच्या धुरानंतर बनलेलं माझं मत मांडतो. बासचा आवाज ज्यांनी खरोखर बदलतो, ती कामं बहुतेक करून परत फिरवता येतात. जी परत फिरवता येत नाहीत, त्यांनी बहुतेक वेळा बदलते ती किंमत, आणि तीही खालच्या दिशेने.

तारांपासून सुरुवात करू, कारण तारांबद्दल कोणी भांडत नाही आणि फरक सगळ्यात मोठा तिथेच पडतो. मोटाउनच्या रेकॉर्डांवरचा जेम्स जेमरसनचा आवाज आठवा. १९६२ चा साधा प्रिसिजन बास, त्यावर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा, आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी. तारा तो तुटल्याखेरीज बदलत नसे. हार्डवेअर म्हणावं असं त्यात काही बदललंच नव्हतं. उलट टोकाला १९६६ साली रोटोसाउंडने जॉन एन्टविसलला सोबत घेऊन राउंडवाउंड तारा घडवल्या, आणि त्याच लाकडातून पियानोसारखा खणखणीत बास निघू लागला. स्पंजाचा तुकडा फुकट, तारांचा संच दोन-चार हजारांचा, आणि दोन्हींची खूण वाद्यावर राहत नाही. तरीही गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ब्रिजचाच असतो.

तर ब्रिजबद्दल. फेंडरचा मूळ ब्रिज म्हणजे वाकवलेला पत्रा आणि त्यावर आटे पाडलेल्या गोल सॅडल. दिसायला तो स्वस्त दिसतो, म्हणून सत्तरच्या दशकात लिओ क्वानचा बॅडअॅस आला तेव्हा लोकांनी तो हातोहात उचलला. जड धातू, म्हणजे सस्टेन जास्त, असा हिशेब. माझ्या टेबलावर मी हा हिशेब अनेकदा ताडून पाहिला आहे: त्याच तारा, तीच उंची, तोच हात, सिग्नल सरळ डीआयमधून रेकॉर्डरमध्ये. फरक ऐकू येतो, पण बारीक, आणि डोळे झाकून ऐकवलं तर निम्म्या वेळा वादकच चुकतो. मग ब्रिज बदलल्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा का खुलतो? कारण त्याच दिवशी आपण नव्या तारा चढवतो, उंची लावतो, इंटोनेशन साधतो, नटच्या खाचा साफ करतो. सेटअपचं श्रेय ब्रिज खाऊन जातो. बॅडअॅस टूच्या सॅडलना तर तयार खाचाही नसत. त्या कारागिराने कानसून पाडायच्या. त्या कानशीच्या चार फेऱ्यांत जे होतं, ते ब्रिजच्या वजनात होत नाही.

हे मिरजेच्या कारागिराला सांगायची गरज नाही. तानपुऱ्याची जवारी काढणारा माणूस घोडीचं वजन करत बसत नाही. तार घोडीच्या माथ्याला कुठे शिवते, उतार किती, शेवटचा स्पर्श कसा सुटतो, एवढंच तो बघतो, आणि कानशीच्या दोन हलक्या हातांत तानपुरा बोलता किंवा मुका होतो. आपल्या सॅडलवर आणि नटवर हेच चालतं. खाच गरजेपेक्षा रुंद झाली की तार झणझणते. तळाशी पसरट झाली की स्वर धूसर होतो. आणि नट पितळेचा की हाडाचा हा वाद घालण्याआधी लक्षात घ्या, की बोट फ्रेटवर टेकलं की नटचा खेळ जवळपास संपतो. उरतात फक्त उघड्या तारा.

जवारीवरून जॅको पास्टोरियसकडे जावंच लागतं. त्याच्या १९६२ च्या जॅझ बासचे फ्रेट काढलेले, फटी भरलेल्या, आणि शिसवी फिंगरबोर्डवर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलेलं. राउंडवाउंड तारा नुसतं लाकूड खाऊन टाकतात, म्हणून हा कठीण थर. फ्रेटलेस बासचा तो गाणारा, नाकात गुंजणारा 'म्वा' या थराने उजळला. त्याच्या मुळाशी तेच आहे जे तानपुऱ्यात आहे: तार एका पसरट पृष्ठभागाला शिवत, सोडत कंप पावते. काम परत न फिरणारं, आणि आवाज पुरता बदलणारं. माझ्या मताला छेद देणारं यापेक्षा मोठं उदाहरण नाही, आणि मी ते झाकून ठेवणार नाही. तो बास १९८६ मध्ये चोरीला गेला, जॅको १९८७ मध्ये गेला. अनेक वर्षांनी बास सापडला तेव्हा मेटालिकाच्या रॉबर्ट ट्रुहियोने स्वतःचे पैसे घालून तो सोडवला. फोडलेला, जोडलेला, इपॉक्सी चोपडलेला बास. त्याची किंमत त्यावरच्या हातांची आहे. आपल्या गिऱ्हाइकाचे हात जॅकोचे असतील तर खुशाल फ्रेट उपटा.

ज्या हार्डवेअरकडे कोणी बघत नाही आणि जे ऐकू येतं, ते म्हणजे डोक्यावरचे ट्यूनर. फेंडर पद्धतीच्या बासवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो हे आपल्याला तोंडपाठ आहे. नेकला स्वतःचं एक कंपन असतं. तारेचा स्वर त्याच्या जवळ आला की नेक तारेची शक्ती पिऊन टाकते. उपाय म्हणून लोक पिकअप बदलतात, ब्रिज बदलतात, देव बदलतात. मी काय करतो, तर हेडस्टॉकवर फडकं ठेवून सुताराचा छोटा शिकंजा कसतो आणि तोच स्वर पुन्हा वाजवतो. वजन वाढलं की नेकचं कंपन खाली सरकतं, आणि मेलेली जागा एखाद-दुसरा फ्रेट खाली जाते. हलके ट्यूनर लावले तर ती वर जाते. ती नाहीशी होत नाही, जागा बदलते. पण सी वरून निघून कमी वाजणाऱ्या स्वरावर गेली तरी वादकाचं काम भागतं. मात्र मूळच्या भोकांत बसणारेच ट्यूनर घ्या. रीमर फिरवून हेडस्टॉकची भोकं मोठी केली, की मूळचे ट्यूनर पुन्हा तिथे कधीच घट्ट बसत नाहीत, आणि जाणकार खरेदीदार पहिल्यांदा तिथेच नख घालून बघतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये अंधश्रद्धा सगळ्यात महाग विकल्या जातात. टोनचा कॅपॅसिटर तेलातल्या कागदाचा की प्लास्टिकचा, याने काही होत नाही. मूल्य ४७ नॅनोफॅरड आहे की १००, याने होतं. तेही टोनचा नॉब मागे घेतल्यावर. नॉब पूर्ण उघडा असताना कॅपॅसिटर जवळपास रजेवर असतो. उलट २५० के लिहिलेला पॉट वीस टक्के इकडेतिकडे चालतो, म्हणजे तो २०० चाही निघतो आणि ३०० चाही, आणि हा फरक कानाला चढेपणात कळतो. मल्टिमीटरने चार पॉट मोजून त्यातला हवा तो निवडणं ही शून्य रुपयांची सुधारणा आहे. मी १९९१ साली ती केली नाही, कारण ती बिलात लिहिता आली नसती.

पिकअपची जागा हे आणखी एक प्रकरण. साठच्या आणि सत्तरच्या दशकांतल्या जॅझ बासमध्ये ब्रिजकडचा पिकअप साधारण एक सेंटिमीटरने सरकला, आणि तेवढ्याने तो जास्त टोकदार बोलू लागला. सेंटिमीटर ऐकू येतो. पण म्हणून साठच्या दशकातल्या लाकडात नवा खड्डा खणू नका. ज्याला तो आवाज हवा त्याने तसाच बनलेला बास घ्यावा.

प्रीअँपचा मोह मला समजतो. म्युझिक मॅनच्या स्टिंगरेने १९७६ पासून तो कारखान्यातूनच दिला. मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बास रॉजर सॅडोस्कीने प्रीअँप आणि बॅडअॅस लावून बदलला, आणि पुढे फेंडरनेच त्या बदलांसकट त्याच्या नावाचा बास बाजारात आणला. बदल कारखान्याने उचलला की तो बदल राहत नाही, मॉडेल होतो. तुमच्या-माझ्या दुकानातला बदल मात्र बदलच राहतो. आज तशाच जातीचं सर्किट जमिनीवरच्या पेडलमध्ये मिळतं, त्यासाठी बासच्या पाठीला राउटर लावावा लागत नाही. कोणी हट्टच धरला तर बॅटरी कंट्रोल कॅव्हिटीत कोंबा. ती बदलताना वादक आपल्याला शिव्या देईल, तेवढ्या खाऊ.

आता किमतीचं. सीबीएसने जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी एक कोटी तीस लाख डॉलरना घेतली, आणि त्या तारखेच्या अलीकडचं-पलीकडचं असा बाजार आजही पडलेला आहे. त्या बाजारात रंग बदललेल्या वाद्याची किंमत साधारण निम्मी धरायची रीत आहे, रंग कितीही सुंदर काढला असला तरी. न उकललेला सोल्डरचा जोड, मूळचे स्क्रू, आतला मळकट मास्किंग टेप, यांना तिथे भाव आहे. आवाजाशी त्यांचा काडीचा संबंध नाही, पण भाव आहे, आणि गिऱ्हाइकाच्या वतीने तो सांभाळणं आपलं काम आहे.

आपल्याकडे बहुतेक बास या वर्गातले नसतात, स्क्वायर, कॉर्ट, यामाहा असतात. तिथे हिशेब अगदी सरळ. वीस हजारांच्या बासमध्ये पंधरा हजारांचे पिकअप घातले तर विकताना पस्तीस येत नाहीत; वीसही येत नाहीत. विकण्याआधी मूळ भाग परत बसवा आणि चांगले पिकअप वेगळे विका. अर्थात त्यासाठी मूळ भाग जपलेले हवेत. शिवाय मुंबईत आणि कोकणात हार्डवेअर निवडताना सस्टेनआधी गंज बघा. दोन पावसाळ्यांत ज्या सॅडलचे ग्रब स्क्रू जाम होतात, त्या ब्रिजचं पितळ काय चाटायचंय? जूनमध्ये नेक हलली म्हणून आलेलं वाद्य ऑक्टोबरात परत येणारच आहे. तेव्हा तो स्क्रू फिरायला हवा.

वसईच्या मुलाला मी सगळं सांगितलं, राउटर कोणी धरला होता तेही. तो हसला; म्हणाला, डॅडी सांगायचे की त्या दिवशी लाइट गेली होती. गेली नव्हती. बंद पडलेला प्रीअँप काढून मी पुन्हा तीन साधे पॉट आणि एक कॅपॅसिटर जोडला, मजुरी घेतली नाही. जुना ब्रिज दुकानातल्या डब्यांत दोन संध्याकाळी शोधला, मिळाला नाही. काढलेला प्रीअँप, जाड ब्रिजची पावती आणि केलेल्या कामाची तारखेसह नोंद एका पाकिटात घालून केसमध्ये चिकटवली. आता प्रत्येक वाद्याबरोबर तसं पाकीट जातं. पाठीवरचा खड्डा बुजवला नाही, बुजवलेला खड्डा खरेदीदाराला उघड्या खड्ड्याहून जास्त खुपतो. किंमत सांगितली, मूळ अवस्थेत किती आली असती तीही सांगितली. मुलगा थोडा वेळ हिशेब करत उभा राहिला. मग बास त्याने गळ्यात घातला, जुन्या घासलेल्या तारांवर काहीतरी पुटपुटल्यासारखं वाजवलं, आणि विकायचं नाही म्हणाला. परवा फोन आला होता. त्या खड्ड्यात तो आता पिक ठेवतो.