पारसनाथचे सत्तावीस किलोमीटर

कोलकात्यात बद्रीदास टेंपल स्ट्रीटवर १८६७ साली बांधलेले एक जैन मंदिर आहे. रंगीत काचांची नक्षी आणि भोवतालचा बगीचा पाहायला घरोघरचे पाहुणे तिथे हमखास नेले जातात. गाभाऱ्यात मूर्ती आहे ती दहावे तीर्थंकर शीतलनाथ यांची. तरीही सारे शहर या देवळाला 'परेशनाथ मंदिर' म्हणूनच ओळखते. एवढा त्या नावाचा महिमा!

हे नाव ज्या डोंगराचे, तो झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यात आहे. उंची सुमारे १,३६५ मीटर. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांचे निर्वाण येथे झाले, अशी श्रद्धा असल्याने जैनांना हे सम्मेद शिखर सर्वांत पवित्र. कोलकात्याची मंडळी हावड्याला गाडीत बसतात, पारसनाथ स्टेशनवर उतरतात आणि मोटारीने पायथ्याचे मधुबन गाठतात. धर्मशाळेत रात्र काढायची. पण झोप नावापुरतीच. कारण पहाटे दोन-तीनलाच निघावे लागते.

चालायचे किती? नऊ किलोमीटर चढ, माथ्यावर नऊ किलोमीटरची फेरी आणि परतीचा नऊ किलोमीटर उतार. एकूण सत्तावीस, तेही एकाच दिवसात! हातात काठी आणि बॅटरी, पाय बहुतेकांचे अनवाणी. डोंगरावर काही खायचे नाही, हा जुना नेम. कित्येक जण पाण्याचा थेंबही घेत नाहीत. गंधर्व नाला, सीता नाला मागे पडतात तसे श्वास जड होतात, गप्पा थांबतात. वर पोहोचल्यावर टोंका सुरू होतात. टोंक म्हणजे तीर्थंकरांच्या चरणपादुकांची छोटी देवळी. चंद्रप्रभूंचे टोंक एका बाजूला लांब आहे. तिकडची वाट नवख्याचा धीर पाहते. अखेरीस सर्वांत उंचावरचे पारसनाथांचे मंदिर येते. पण खरी परीक्षा उतारावर. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे.

ज्यांचे गुडघे आधीच थकले आहेत, त्यांच्यासाठी डोली असते. एखाद्या घरातल्या सासूबाई वर्षानुवर्षे 'एकदा शिखरजी' म्हणत असतात. त्यांची इच्छा पुरी होते ती डोलीवाल्यांच्या खांद्यावर. हे लोक आसपासच्या गावांतले, त्यांत आदिवासीही असतात. यात्रेकरू जन्मात एकदा-दोनदा चालतो, ती वाट ते ओझे घेऊन पुन्हा पुन्हा चालतात.

आणि संथाळांसाठी हा डोंगर म्हणजे नुसती रोजगाराची जागा नव्हे. तो त्यांचा मरांग बुरू, थोरला देव. २०१९ साली केंद्र सरकारने पारसनाथच्या परिसराला संवेदनशील क्षेत्र ठरवून पर्यटनाची तरतूद केली. सहलीबरोबर मांस-मद्य वर येईल, या धास्तीने २०२२च्या डिसेंबरात जैन समाज ठिकठिकाणी रस्त्यावर उतरला. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने पर्यटनाच्या तरतुदी स्थगित केल्या. त्याच महिन्यात आदिवासींनीही मोर्चे काढले. डोंगर आमचाही आहे, आमच्या पूजेच्या रीतींचे काय, असा त्यांचा सवाल होता. देखरेख समितीत जैनांचे दोन आणि स्थानिक आदिवासींचा एक प्रतिनिधी घ्यावा, असे केंद्राने राज्याला सांगितले होते.

समितीत काय ठरायचे ते ठरो. वाटेवर मात्र ही दोन्ही माणसे रोज एकत्रच असतात, एक डोलीत आणि एक डोलीखाली. दिवस मावळता मधुबनला उतरल्यावर पुण्याचा हिशेब मनात पक्का झालेला असतो. अशा वेळी ठरलेल्या पैशांत घासाघीस न करता, आधी डोलीवाल्याला बसायला सांगून पाण्याचा तांब्या पुढे करावा. दिवसभराच्या उपासानंतर पहिला घोट त्याने घेतला, तर यात्रेत काही उणे पडणार नाही.