पाचशे पंचवीस रिदम कोणासाठी?

धर्मग्रामाच्या गायकवृंदासाठी नवा कीबोर्ड घ्यायचे ठरले की आपल्याकडे हमखास दोन तट पडतात. वाद्य घ्यावे की घेऊ नये, यावर मतभेद नसतो. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दोन भावंडांपैकी थोरले आणावे की धाकटे, एवढ्यावरून बैठका रंगतात, देणगीदारांची मने सांभाळावी लागतात आणि अखेर ‘घ्यायचे तर मोठेच घ्या, एकदाच घ्या’ या घोषवाक्यापुढे सगळे माना तुकवतात. या घोषवाक्याला आमचा उघड विरोध आहे. आम्ही धाकट्या वाद्याचे पक्षपाती आहोत, आणि ते केवळ स्वस्त आहे म्हणून नव्हे.

नेमके उदाहरण घेऊनच बोललेले बरे. यामाहा कंपनीने २०१९ साली पीएसआर-एसएक्स७०० आणि पीएसआर-एसएक्स९०० ही जोडी बाजारात आणली. २०२४ साली तिची जागा एसएक्स७२० आणि एसएक्स९२० या नव्या जोडीने घेतली. हौशी मंडळी नव्याच्या मागे लागली की जुनी वाद्ये विक्रीला निघतात, आणि बेताचा फंड असलेल्या गायकवृंदांपुढे आज प्रश्न उभा राहतो तो या जुन्या जोडीचाच. (‘एकदाच घ्या’ म्हणणाऱ्यांनी या दोन सालांमधले अंतर जरा मोजून पाहावे.)

६१ पट्ट्या दोन्हींना आहेत. सात इंची स्पर्शपडदा दोन्हींना आहे. एका वेळी १२८ स्वर उमटवण्याची क्षमताही दोन्हींची सारखीच. मग फरक कुठे? धाकट्यात ९८६ टोन, थोरल्यात १३३७. धाकट्यात ४०० रिदम, थोरल्यात ५२५. बाहेरचे नवे टोन भरून ठेवायला धाकट्यात सुमारे ४०० मेगाबाइट जागा, तर थोरल्यात सुमारे एक गिगाबाइट. शिवाय थोरल्याला मुख्य आउटपुटखेरीज दोन जादा आउटपुट, ब्लूटूथवरून गाणी वाजवण्याची सोय, आणि माइकवर गाणाऱ्याच्या आवाजाला आपोआप जोडीचे आवाज लावून देणारी ‘व्होकल हार्मनी’.

बैठकीत हे आकडे मोठ्याने वाचले जातात तेव्हा थोरल्याचा विजय जवळजवळ ठरलेलाच असतो. १३३७ च्या पुढे ९८६ हा आकडा दरिद्री वाटतो. आमचा प्रश्न एवढाच, की रविवारच्या मिस्सेत प्रवेशगीतापासून समारोपाच्या गीतापर्यंत आपला वादक यांतले किती टोन वापरतो? ऑर्गन, स्ट्रिंग्ज, पियानो, बासरी, क्वचित सणावारी ट्रम्पेट. हाताची पाच बोटे पुरतात. उरलेले नऊशे ऐंशी टोन धाकट्या वाद्यातही कधी हात लागण्याची वाट पाहत पडून राहतील. थोरले घेऊन आपण फक्त त्या रिकाम्या खोल्यांची संख्या वाढवणार.

रिदमचे प्रकरण याहून गंभीर आहे. ज्यांनी हे वाद्य केवळ दुरून ऐकले आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अरेंजर कीबोर्डमध्ये वादक डाव्या हाताने कॉर्ड धरतो. यंत्र ती कॉर्ड ओळखते आणि आधीच भरून ठेवलेले ढोल, बास, गिटार, स्ट्रिंग्ज त्या कॉर्डवर बेतून वाजवू लागते. उजव्या हाताने फक्त चाल वाजवायची. एक बटण दाबले की प्रस्तावना, दुसरे दाबले की मधला भराव, तिसरे दाबले की साग्रसंगीत शेवट. एकटा माणूस दहा जणांचा वाद्यवृंद उभा करतो, ही त्यातली किमया. ती आम्ही नाकारत नाही. परंतु या दहा जणांत एक दोष आहे: ते कोणासाठी थांबत नाहीत.

आपल्या भाविकांचे गाणे श्वासावर चालते. पुढच्या बाकांवरच्या वृद्ध स्त्रिया ओळीचा शेवटचा स्वर धरून ठेवतात, मागचे पुरुष अर्ध्या मात्रेने उशिरा येतात, आणि अंत्यविधीच्या मिस्सेत तर सगळे गाणेच हुंदक्याबरोबर मागे-पुढे होते. पेटीवाला हे ऐकतो आणि भाता सावरून थांबतो. तबलजी ठेका सैल करतो. प्रतिसाद-स्तोत्राच्या ओळी ज्या मुक्त लयीत म्हटल्या जातात, तिथे तर मात्राच नसतात. यंत्राचा केरवा मात्र ज्या गतीने सुरू झाला त्याच गतीने चालत राहतो. मग होते असे, की अर्धे चर्च यंत्राबरोबर धावते, अर्धे मागे राहते, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणारा फक्त गायकवृंद उरतो. लोक पुस्तक मिटून ऐकत बसतात. असे झाले की समितीत निष्कर्ष निघतो की वाद्य कमी प्रतीचे होते! ५२५ रिदम असलेले वाद्यही तितकेच बहिरे असते, हे कोणी बोलत नाही.

या बाबतीत ख्रिस्तसभेने आपल्याला अंधारात ठेवलेले नाही. ३ सप्टेंबर १९५८ रोजी, बारावे पायस पोप असताना, पवित्र संगीतासंबंधी जो निर्देश रोमहून निघाला त्यात आपोआप वाजणारी वाद्ये व यंत्रे उपासनेतून स्पष्टपणे वर्ज्य केली आहेत. ऑटोमॅटिक ऑर्गन, ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर यांचा त्यात उल्लेख आहे. कोणी म्हणेल, ही व्हॅटिकन परिषदेपूर्वीची गोष्ट. मान्य. परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनचा गौरव केला आणि इतर वाद्यांनाही दार उघडले. मात्र ती पवित्र कार्याला साजेशी असावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावीत आणि भाविकांची खरोखर उन्नती करावीत, ही अट घालूनच. १९६७ च्या ‘मुझिकाम साक्राम’ या निर्देशात तर सरळ म्हटले आहे की वाद्यांनी गाणाऱ्यांच्या आवाजाला आधार द्यावा, शब्द बुडवू नयेत. प्रायश्चित्तकाळात वाद्य वाजते तेही, काही सणांचे दिवस वगळता, केवळ गायनाला आधार म्हणून. आम्ही कायद्याचा कीस काढू इच्छित नाही. अरेंजर कीबोर्ड हा शब्दशः ‘ऑटोमॅटिक ऑर्गन’ आहे की नाही यावर धर्मपंडितांनी वाद घालावा. पण डाव्या हाताची ती यंत्रणा बंद ठेवून दोन्ही हातांनी वाजवले तर हेच यंत्र एक सज्जन ऑर्गन होते, एवढे आम्हाला पक्के ठाऊक आहे. आणि यंत्रणा बंदच ठेवायची असेल तर ४०० आणि ५२५ यांतला फरक शून्य होतो.

विरुद्ध पक्षाचे एक म्हणणे खरे आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. लग्नाच्या रिसेप्शनला, सणाच्या रात्रीच्या कार्यक्रमाला, नाताळच्या मेळाव्याला एकट्याने चार तास मंच सांभाळणाऱ्या धंदेवाईक वादकाने थोरलेच वाद्य घ्यावे. जादा आउटपुटमुळे ढोल आणि बास वेगळ्या वायरीने मिक्सरवर नेता येतात, आणि हॉल घुमू लागला की साउंडवाला नुसता बास उतरवू शकतो. ही सोय ज्याने मोकळ्या मांडवात वाजवले आहे त्यालाच कळेल. एकट्या गायकाला व्होकल हार्मनीचाही उपयोग होतो. त्याचे पोट त्यावर आहे. परंतु गायकवृंदाला व्होकल हार्मनी? चाळीस जिवंत कंठ समोर उभे असताना यंत्राकडून खोटे आल्टो आणि टेनर विकत घ्यायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याने गायकवृंदाच्या एका तरी सरावाला येऊन जावे.

‘अरेंजर’ या शब्दाचाच आम्हाला अधिक विषाद वाटतो. हा शब्द एके काळी माणसाला लावीत असत. हिंदी चित्रपटसंगीताच्या श्रेयनामावलीत ज्यांची नावे क्वचितच आली, ते अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गीतांचा वाद्यमेळ लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, हे अरेंजर होते. भारतीय संगीतकाराने दिलेली चाल ऐकून ते रात्रीतून पन्नास व्हायोलिनांसाठी कागद लिहून काढीत. हे लोक आले कोठून? गोव्याच्या धर्मग्रामांतून. तेथल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी पुढे मुंबईत प्यारेलालना आणि राहुलदेव बर्मनना धडे दिले. ज्या ख्रिस्तसभेच्या अंगणात माणसे अरेंजर होत होती, त्याच अंगणात आज आपण अरेंजर नावाचे खोके आणतो आणि ते वाजवायला शेजारच्या धर्मग्रामातून मानधन देऊन वादक बोलावतो. तो आजारी पडला की रविवारी खोके झाकलेले राहते.

इथेच आमच्या पक्षपाताचे खरे कारण आहे. थोरल्या आणि धाकट्या वाद्याच्या किमतीत जो फरक पडतो तो कोणाच्या खिशात ठेवण्यासाठी आम्ही वाचवत नाही. त्या पैशात एखादा साधा शिकाऊ कीबोर्ड येतो, जो आठवड्याला एकेका मुलाच्या घरी फिरवता येईल. त्यात स्वरलिपी शिकवणाऱ्या शिक्षकाचे काही महिन्यांचे मानधन निघते. देणगीदार म्हणतील, शिक्षकावर नावाची पाटी कशी लावायची? पाटीच हवी असेल तर ती धाकट्या वाद्यावरही तेवढ्याच स्क्रूंनी बसते.

आणखी एक. दोन्ही वाद्यांत स्वतःचे रिदम तयार करण्याची सोय आहे, आणि ती दोन्हीकडे तितकीच दुर्लक्षित आहे. घुमटाचा ठोका, आपल्या लग्नगीतांचा सहा मात्रांचा झोका, भजनी ठेक्याची ती शेवटची उचल, हे तयार मालात शोधत बसण्यापेक्षा धर्मग्रामातल्या एखाद्या तबलजीला शेजारी बसवून दोन-तीन संध्याकाळी ते भरून घ्यावे. मिस्सेत नव्हे, मिस्सेनंतरच्या अंगणातल्या कार्यक्रमासाठी. असे पाच रिदम जमले तर कारखान्याचे पाचशे विसरता येतील. त्यांना गिगाबाइटभर जागाही लागत नाही.

तेव्हा पुढल्या बैठकीत आमची सूचना अशी राहील. जुने वाद्य पाहायला जाताना आकड्यांचा कागद घरी ठेवावा. गीतांचे पुस्तक न्यावे, वाजवायला शिकणाऱ्या मुलांपैकी एखादी मुलगी न्यावी, आणि पुढच्या बाकावर बसून गाणारी एखादी आजी येईल तर तिलाही न्यावे. मुलीने ६१ च्या ६१ पट्ट्या एकेक करून हळू आणि जोरात दाबून पाहाव्यात. एखादी मुकी असेल किंवा दचकून मोठ्याने बोलत असेल तर तिथेच कळते. स्पर्शपडद्याचे चारही कोपरे दाबून पाहावेत. अडॅप्टर कंपनीचाच आहे ना, त्याची वायर मुळाशी सैल नाही ना, हे बघावे, कारण ऐन नाताळच्या मध्यरात्री दगा देतो तो टोन नव्हे, अडॅप्टर. मग रिदमचे बटण बंद करावे, ऑर्गनचा टोन लावावा, आणि आजीला तिच्या पट्टीत, तिच्या गतीने गायला सांगावे. मुलगी तिच्यामागून जाऊ शकली की सौदा करावा.