‘दूध कोणाचे?’ हा प्रश्न रास्तच

जून २०२४ मध्ये कराचीत पाकिस्तानातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली आणि काही दिवसांतच थांबली. तिथल्या बालआरोग्य संस्थेने ती युनिसेफच्या मदतीने उभारली होती. दारुल उलूम कराचीने आधी अटी घालून संमती दिली होती. मात्र या अटी प्रत्यक्षात पाळणे अवघड आहे, असे सुधारित मत त्यांनी नंतर दिले आणि काम स्थगित झाले. डिसेंबर २०१९ मध्ये ढाक्यातही असेच घडले. कायदेशीर नोटीस आली आणि तयार असलेली पेढी अडकली. पाकिस्तानात दर हजार जन्मांमागे सुमारे ४० बाळे पहिल्या महिन्यातच दगावतात. तिथे अशी पेढी का बंद पडावी? ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते उत्तर चुकीचे आहे.

आधी गरज समजून घेऊ. अपुऱ्या दिवसांच्या, दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची आतडी कच्ची असतात. त्याला स्वतःच्या आईचे दूध सर्वांत चांगले. ते पुरेसे नसेल तर दुसऱ्या आईचे, तपासलेले आणि पाश्चरीकरण केलेले दूध द्यावे. ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवल्याने त्यातले धोकादायक जंतू मरतात. अशा दुधाऐवजी पावडरचे दूध दिल्यास आतडी सडण्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका जवळपास दुप्पट होतो.

आता अडचण. इस्लाममध्ये दुधाने नाते जुळते. बाळाने पहिल्या दोन वर्षांत जिचे दूध प्यायले ती त्याची दूधआई, तिची मुले त्याची भावंडे आणि त्यांच्यात विवाह निषिद्ध. हा नियम थेट कुराणातला आहे. दूधआई आपल्यालाही परकी नाही. संभाजीराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ आपण आदराने आठवतो. फरक एवढाच की मुस्लिम घरात या नात्याचा परिणाम पुढे मुलामुलींच्या लग्नापर्यंत पोहोचतो.

पेढीत अनेकदा दोनतीन मातांचे दूध एकत्र केले जाते आणि दोन्ही कुटुंबांना एकमेकांची नावे कळत नाहीत. म्हणजे उद्या ही मुलगी नकळत आपल्याच दूधभावाशी लग्न करील का, ही आईची शंका तिच्या श्रद्धेच्या चौकटीत अगदी तर्कशुद्ध आहे. दूध देणाऱ्या आईलाही तोच घोर असतो: आपले मूल कोणाकोणाचे भावंड झाले? शासकीय रुग्णालयाच्या नवजात कक्षात मी जे ऐकतो ते बहुतेक वेळा ‘नको’ असे नसते. ‘डॉक्टर, कोणाचं आहे ते?’ असे असते. दुधाला विरोध नाही, निनावीपणाला आहे.

धर्मशास्त्रातही एकमत नाही. १९८५ मध्ये इस्लामी देशांच्या फिकह अकादमीने मुस्लिम देशांत पेढ्या नकोत असे ठरवले. २००४ मध्ये युरोपातल्या फतवा परिषदेने अकाली जन्मलेल्या बाळांसाठी मुभा दिली. हनफी पंथात थोड्या दुधानेही नाते जुळते, शाफई पंथात पाच वेळा पाजल्यावर. शिया परंपरेत बहुतेकांच्या मते बाळाने थेट स्तनातून प्यायले पाहिजे. म्हणूनच इराणमध्ये २०१६ साली तबरीझला पेढी सुरू होऊ शकली.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ मध्ये मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. शेजारी धारावी. तिथल्या कक्षात सर्व धर्मांच्या माता येतात. आज राज्यात अनेक पेढ्या आहेत. तिथे काही साध्या गोष्टी करता येतील. ज्यांना हवे त्यांच्यासाठी एकाच मातेचे दूध वेगळे ठेवावे. दोन्ही बाजूंची संमती असेल तर नावे सांगून लेखी नोंद द्यावी. एका मातेचे दूध मोजक्याच बाळांना द्यावे. विश्वासातल्या मौलानांना आधीच बोलावून पेढी दाखवावी. रात्री दोन वाजता, बाळ अत्यवस्थ असताना हा वाद सुरू होऊ नये. आणि सर्वांत आधी, आईचे स्वतःचे दूध पिळून काढण्यास पहिल्या काही तासांतच मदत करावी. ते पुरले तर प्रश्नच उरत नाही.

यात खर्च थोडा वाढेल, नोंदवहीचे काम वाढेल. पण जिचा प्रश्न ऐकून घेतला जात नाही, ती आई वाद घालत नाही. ती गुपचूप पावडरचा डबा मागवते, आणि त्याची किंमत बाळ मोजते.